यंदाचं शेवटचं

दिवाळी सरते, हलकं धान घरात येतं, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एक माणूस निवृत्त होतो. दरवर्षी तोच.

"यंदाचं शेवटचं गा. आता तुमी पोट्टे पाहा."

हे आमचे भाऊ, नाट्य मंडळाचे संस्थापक. मंडळ जिल्ह्यापेक्षा जुनं आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून निघाला १ मे १९९९ला. आमची पावतीपुस्तकं त्याच्या आधीची, 'जि. भंडारा' छापलेली. स्वस्त पडतात म्हणून भाऊंनी एकदाच इतकी छापून घेतली की ती अजून संपलेली नाहीत. प्रत्येक पावतीवर 'भंडारा' खोडून 'गोंदिया' लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी खोडत असतो तेव्हा भाऊ शेजारी बसून हळहळतात, जसा काही जिल्हा मीच तोडला.

पुण्या-मुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की वांगी आठवतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, मंडईत वांगी दुय्यम. दिवसा दंडार, घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, जमलीच तर एखादी सोयरीक, आणि रात्री नाटक. नाटक बहुधा वडशाच्या कंपनीचं. वडसा म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत आणि हंगामात गावोगावचे मंडळवाले तिथे तारीख ठरवायला जातात. भाऊ नॅरोगेजची छोटी लाईन होती तेव्हापासून गाडीनं वडशाला जातात. सकाळच्या गाडीनं जायचं, दिवसभर घासाघीस करायची, पाचशे रुपये कमी करायचे आणि त्यातले दोनशे कंपनीवाल्यांना चहा-नाश्ता देण्यात घालवून परत यायचं. झाडीपट्टी रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले आणि घरोघरी 'आपल्याले भेटली' असं सांगितलं. तीन घरांनी भाऊंचंच अभिनंदन केलं. भाऊंनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

निवृत्तीचा विधी ठरलेला असे. हिशेबाच्या बैठकीत भाऊ खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून सतरंजीवर ठेवत. मग कुणी तरी म्हणायचं, "नाई भाऊ, तुमच्याबिगर कसं होईन?" दुसरा म्हणायचा, "मंडळच बंद करून टाकू मंग." तिसरा किल्ल्या उचलून भाऊंच्या हातात द्यायचा. भाऊ "मी थकलो गा" म्हणत त्या खिशात घालायचे आणि चहा यायचा. एका वर्षी चहा आधी आला, तर भाऊंनी तो गार होऊ दिला. राजीनाम्याआधी चहा घेणं त्यांना बरं दिसेना.

शरद पवारांनी २ मे २०२३ला पक्षाचं अध्यक्षपद सोडायची घोषणा केली आणि ५ मेला मागे घेतली, तेव्हा भाऊ टीव्हीसमोरून उठले नाहीत. राजीनामा नामंजूर झाल्याचं सांगणारे प्रफुल्ल पटेल आमच्याच गोंदियाचे. भाऊंना त्यात जिल्ह्याचा गौरव दिसला आणि स्वतःवरचा अन्यायही. "पाहा, त्यायचा राजीनामा तीन दिवस चालला. माहा अर्ध्या घंट्यात निपटवता तुमी."

पलीकडे नवेगाव बांध आहे. तो तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सगळा मुलूख सांगतो. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि त्यातल्या एका शिखरावर कोलू पाटलाचं ठाणं आहे. लोक त्याला कोलासुर म्हणून पुजतात. भाऊ दरवर्षी तिथे नारळ फोडतात. संस्थापकाचा देव होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अडचण एवढीच की देव व्हायला आधी बांधावरून खाली उतरावं लागतं, आणि ते भाऊंना जमत नव्हतं.

यंदा जमलं. म्हणजे अपघातानं जमलं. आमचा नवा सचिव पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेला. त्याला विधी माहीत नव्हता. भाऊंनी किल्ल्या ठेवल्या, "यंदाचं शेवटचं" म्हणाले, आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "बरं भाऊ." आणि त्यानं ते प्रोसिडिंगमध्ये लिहून काढलं. वर तारीखही टाकली.

बैठकीत असं काही शांत झालं की मागच्या बांधीतले बेडूक ऐकू आले. पहिल्यानं घसा खाकरला, दुसऱ्यानं खाली पाहिलं, तिसऱ्याचा हात किल्ल्यांकडे अर्धा गेला आणि सतरंजीचा दोरा तोडून परत आला. भाऊंनी चहा मागवला. पहिल्यांदाच स्वतः मागवला.

मग सत्कार झाला. शाल पांघरताना भाऊंनी तिचा काठ बोटांत धरून पाहिला. ती त्यांनीच मागच्या हंगामात एका सहउद्घाटकासाठी आणली होती. तो सहउद्घाटक आला नव्हता. इतरांना हे सहउद्घाटक प्रकरण समजावून सांगायला हवं. आमच्याकडच्या नाटकाच्या पोस्टरवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि विशेष अतिथी यांची इतकी नावं असतात की त्यांत नाटकाचं नाव चष्मा लावून शोधावं लागतं. ज्याचं नाव, त्याची देणगी; या नावांवरच मंडळ चालतं. भाऊंसाठी पोस्टरवर 'संस्थापक-मार्गदर्शक' असं नवं पद काढलं. पद गेलं आणि फोटो दुप्पट झाला.

हस्तांतर आठ दिवस चाललं. लोखंडी पेटीत निघालं ते असं: पावतीपुस्तकं, दोन पेट्रोमॅक्स (एकाची काच नाही), सतरंजी कुणाच्या घरून आणली आणि कुणाला परत दिली नाही याची वही, आणि कोणी किती कुडव धान दिलं त्याचे चिठोरे. सचिवानं सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढले आणि देणगीसाठी क्यूआर कोड छापून आणला. भाऊंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "याच्यात धानाचं कट्टं कसं टाकाचं गा?"

पण खरा दस्तऐवज पेटीत नव्हताच. तो भाऊंच्या डोक्यात होता: रुसव्यांची यादी. या पाटलाला उद्घाटक केलं की त्या पाटलाला अध्यक्ष करायचं, तेही पोस्टरवर त्याच ओळीत. अमक्याला पहिल्या रांगेत बसवायचं पण तमक्याच्या शेजारी नाही, कारण त्यांचा बांधीच्या धुऱ्यावरून वाद आहे. लाईटवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, त्याच्या बायकोकडे द्यायचे. सचिव लिहून घेत होता. तेराव्या रुसव्याला त्याचं पेन थांबलं. "भाऊ, हे एवढं सगळं लक्षात ठेवून तुम्ही नाटक कधी पाहता?"

भाऊ जरा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "नाटक?" म्हणाले.

तेव्हा उघड झालं. संस्थापकानं आजवर एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. पहिला अंक गेटवर जायचा, दुसरा जनरेटरजवळ, तिसरा तिकिटांच्या पैशांची मोजदाद करण्यात. पहाटे शेवटचा अंक रंगात यायचा तेव्हा भाऊ कंपनीच्या लोकांच्या पोह्यांसाठी कांदे कुठे गेले ते शोधत असायचे. खलनायक मेला की वाचला, हे त्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर समजायचं.

यंदा भाऊंनी खुर्चीचं तिकीट काढलं. पैसे देऊन. आम्ही नको म्हणालो, पण पावती घेऊनच बसले, आणि पावतीवर 'भंडारा' खोडलेलं नाही हे मला दाखवून दिलं. सगळं सोडलं होतं, एक टॉर्च सोडली नव्हती. अंधार झाला की ती आपोआप पेटे आणि बिनतिकिटाच्या पोरांच्या तोंडावर फिरे.

उद्घाटन सुरू झालं. दिवा लागला, शाली झाल्या. पोस्टरवर वेळ साडेनऊची होती. दरवर्षीही तीच असते. मग भाऊ माईक घेत, मंडळाचा इतिहास छोट्या लाईनपासून सुरू करत, आणि पडदा अकराच्या पुढे वर जाई. यंदा सचिव दोन मिनिटं बोलला आणि पावणेदहाला नांदी झाली. मैदान अर्धं रिकामं. पहिला अंक संपत आला तेव्हा शेजारच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. माणसं निवांत जेवून, पान खाऊन उतरली आणि पाहतात तर नायिकेचं लग्न मोडलेलं, बाप तुरुंगात, आणि कशामुळे ते सांगायला कुणी नाही.

गेटवर गलका झाला. एक म्हातारी बाई सचिवाला धरून विचारत होती, "भाऊचं भासन नोहोतं, तं आमाले आदी सांगाले नोको का? आमी त्या हिसेबानं सैपाक केला ना बाप्पा!"

भाऊ खुर्ची सोडून गेटवर आले होते. टॉर्च म्हातारीच्या तोंडावर, मग सचिवाच्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हे तक्रार प्रोसिडिंगात लिवाले लाव. तारीख टाकून."