नख लावून बघा

मोटारीच्या अलॉय रिमवर फुटपाथला घासून पडलेला ओरखडा घरच्या घरी बुजवणारा गृहस्थ रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये आढळतो. बुडाखाली स्वयंपाकघरातला पाट, अंगात कंपनीच्या वर्धापनदिनाचा टी-शर्ट, उजव्या अंगठ्याचे नख मुद्दाम राखलेले आणि हातात खडखडणारा स्प्रेचा डबा, या खुणांवरून तो ओळखावा. खडखडाट डब्यातल्या गोळीचा असतो. तळाशी बसलेला रंग ढवळला जावा म्हणून ती कारखान्यातच आत टाकलेली असते. डबा दोन-तीन मिनिटे हलवला की पुरतो. गृहस्थ पंधरा मिनिटे हलवतो. पहिल्या मजल्यावरच्यांना रविवार उजाडल्याचे त्यावरूनच कळते. आपल्या सोसायटीत असा कोणी नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा बेसमेंटमध्ये उतरून पाहावे.

ओरखडा पडण्याची कारणे साधी आहेत. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे फुटपाथकडची चाके त्याला दिसत नाहीत. त्यातही वळताना मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते. म्हणून डावे मागचे चाक हे गाडीतले सर्वांत सोशिक चाक. गृहस्थाला मात्र ही उपपत्ती मान्य नसते. त्याच्या मते फुटपाथ पुढे आलेला असतो. एका गृहस्थाने त्यासाठी टेप आणून घटनास्थळाची मोजणी केली. पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असे भारतीय रोड काँग्रेसच्या सूचनांत म्हटले आहे आणि हा सव्वादोनशे भरला. हा आकडा त्याने महिनाभर भेटेल त्याला ऐकवला. त्याच्या टायरवर १९५/५५ आर १६ असे लिहिले होते. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. तेव्हा नियमातला फुटपाथही रिमपर्यंत सहज पोचतो. हे गणित गृहस्थाला येते. तो ते करत नाही. त्याच्या पत्नीने तर गणिताशिवायच निकाल दिला होता. रिमवर फुटपाथचा पिवळा रंग आणि फुटपाथवर टायरचा काळा पट्टा पाहून ती म्हणाली, "अहो, फुटपाथ पुढे आला ना, मग आपली गाडी कुठे गेली होती?"

पूर्वी हा गृहस्थ नव्हता, कारण त्याला कामच नव्हते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला बारा इंची स्टीलच्या रिंगा असत. रिंग घासली तर घासली. फारच वाईट दिसू लागली तर दिवाळीला हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंगाची डबी आणून ब्रश फिरवत, उरलेला रंग खिडकीच्या गजांना लावत. पुढे हौशी मंडळी 'मॅग व्हील' बसवू लागली. नाव मॅग्नेशियमचे आणि धातू बहुधा ॲल्युमिनियमचा, तरी रुबाब कमी पडत नसे. आता तीच चाके अलॉय या नावाने गाडीबरोबरच येतात आणि ओरखडाही गाडीबरोबरच येतो, फार तर आठवडाभर उशिरा.

हे सगळे निव्वळ दिखाऊपणासाठी चालते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिमवर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. लॅकर फाटला की पाणी आत शिरते आणि रंगाखाली पांढरट, अळीसारख्या रेषा धावू लागतात. ॲल्युमिनियम गंजत नाही या समजुतीवर विसंबलेल्यांनी रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेली चाके पाहावीत. पण गृहस्थ या कारणासाठी खाली बसत नाही. तो बसतो कारण दुकानदाराने दुरुस्तीचा एक आकडा सांगितला आणि गृहस्थ म्हणाला, "एवढ्यात तर मी चारही करीन." त्यानंतर त्याने प्रायमर, रंग, लॅकर, मास्किंग टेप, तोंडाचा मास्क आणि चाक फिरते ठेवायला एक चकती घेतली. हिशेब त्याच्या घरीही कोणी मांडलेला नाही.

कृती अशी. चाक उतरवायचे, साबणाच्या पाण्याने धुवायचे, थिनरने तेलकटपणा काढायचा. टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायर यांच्या फटीत पत्ते खोचायचे. ही युक्ती खरोखर चांगली आहे. पत्ता लवचीक असतो आणि गोल वळणावर नीट बसतो. एका घरात मात्र बदाम सत्ती चंदेरी झाल्यापासून बदाम सात बंद आहे. ती कोणाकडे गेली हे पाठीमागूनच दिसते. पुढे पॉलिश पेपर. त्याचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. २४० ने वर आलेली धार मोडायची, ४०० ने आणि ६०० ने पृष्ठभाग सारखा करायचा. खोल खाचेत गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती पुट्टी भरायची. ती हार्डनर मिसळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते आणि नेमकी त्याच वेळी वरून चहाची हाक येते. लांबी घासून सपाट केली की प्रायमर, रंग आणि लॅकर, प्रत्येकाचे दोन-तीन पातळ हात, डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरून, दोन हातांमध्ये दहा मिनिटे थांबून. घाई केली तर ओघळ येतो. पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत लॅकर दुधाळ पडतो. गृहस्थ जुलैमध्येही करतो.

आणि प्रत्येक टप्प्यावर नख. याला शास्त्रीय आधार आहे हे आधीच मान्य केले पाहिजे. ओरखड्यावर आडवे नख फिरवावे. अडकले नाही तर जखम लॅकरपुरतीच असते आणि रबिंग कंपाउंडवर भागते. अडकले तर ती धातूपर्यंत गेली आहे असे समजून लांबी काढावी. दुरुस्तीनंतर तेच नख पुन्हा फिरवावे. चाचणी इथे संपते. गृहस्थाची इथून सुरू होते, कारण स्वतःच्या नखावर त्याचा विश्वास नसतो. "जरा नख लावून बघा," असे तो जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणतो. वॉचमन दर रविवारी नख लावतो. ते आता त्याच्या कामातच धरले जाते. सिलिंडरवाल्याने खांद्यावर सिलिंडर असताना लावले आहे. सेक्रेटरी पार्किंगमध्ये रंगकाम करण्यास मनाई असल्याची नोटीस हातात घेऊन आले होते; त्यांनीही आधी नख लावले, मग नोटीस दिली. मुलीला पाहायला मंडळी आली, वर कांदेपोहे निवत होते आणि मुलाचे वडील खाली उकिडवे बसून रिमवर अंगठा फिरवत होते. "लागत नाही," ते म्हणाले. लग्न जमले. गृहस्थ त्याचे श्रेय उघडपणे घेत नाही, पण आहेरात व्याह्यांना एक नेलकटर जास्तीचे गेले.

नखाचा इतका आग्रह का, याचे उत्तर रंगात आहे. चंदेरी हा एक रंग नाही. त्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात; ते कसे आडवे-उभे बसतात यावर छटा ठरते आणि कसे बसतील हे डबा किती दूर धरला, हात किती ओला पडला, हवा कशी होती यावर अवलंबून असते. त्यामुळे डब्यावरचे छटेचे नाव बरोबर असूनही बुजवलेला भाग बाकीच्या रिमशी जुळत नाही. दुरुस्ती अंगठ्याला सापडत नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसते. म्हणून गृहस्थाचे वाक्य पुढे वाढते: "डोळ्यांनी नका हो बघू. नख लावून बघा." या कसोटीला संपूर्ण सोसायटीत उतरणारा एकच परीक्षक होता. तळमजल्यावरचे आजोबा, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. ते काठी भिंतीला टेकवत, बोटे धोतराला पुसत आणि सबंध कडेवरून सावकाश नख फिरवून विचारत, "कुठं होता म्हणालात ओरखडा?" तो रविवार गृहस्थाचा चांगला जाई. आठवडाभर तो ज्या कामाचा पगार घेतो त्याला नख लावायची सोय नसते, हेही इथे नोंदवायला हवे.

दोन प्रकारच्या रिमना घरी हात लावू नये. पहिला डायमंड कट. त्याचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर फक्त लॅकर असतो. स्प्रे मारला की ती चकाकी गेली. ती परत आणायला पुन्हा लेथच लागतो आणि दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे तेही फार वेळा करता येत नाही. हा धडा गृहस्थ स्वतःच्या चाकावर शिकलेला असतो. त्याविषयी त्याला विचारू नये.

दुसरा प्रकार म्हणजे तडा गेलेले रिम, आणि इथे या गृहस्थाविषयी बरे बोलणे भाग पडते. गणपतीच्या चार दिवस आधी शेजारच्या विंगमधले एक जण गाडी घेऊन त्याच्याकडे आले. खड्ड्यात चाक आपटले होते, रिमच्या कडेला बारीक रेघ होती, चार दिवसांनी हवा कमी व्हायची. पहाटे घाट उतरून कोकणात जायचे, घरात लहान मुले, दुकाने बंद होत आलेली. "तेवढी लांबी भरून रंग मारून द्या." वर्षभरात पहिल्यांदाच कोणी आपणहून काम घेऊन आले होते. गृहस्थाने नख लावले. मग काही न बोलता साबणाचे पाणी आणून रेघेवर ओतले आणि बसून राहिला. एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. लांबी खाच भरते, चाकाला ताकद देत नाही. भाराखाली तडा वाढतो आणि वरच्या रंगामुळे वाढताना दिसतही नाही. हे त्याने सांगितले. शेजारी चिडले, म्हणाले, तुमच्या एवढ्या डब्यांचा उपयोग काय? त्याने ऐकून घेतले, जॅक लावला, ते चाक उतरवून डिकीत टाकले, स्टेपनी चढवली, नट एकाआड एक आवळले आणि नवे रिम घेतल्याशिवाय घाटात उतरायचे नाही असे तीनदा बजावले. शेजारी एक दिवस उशिरा निघाले. परत आल्यावर त्यांनी उकडीच्या मोदकांचा डबा पाठवला. आभाराचा शब्द पाठवला नाही.

डिसेंबरात आजोबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली. दुसरे झाले त्याच आठवड्यात गृहस्थाचे डावे मागचे चाक पुन्हा घासले. फुटपाथ पुन्हा पुढे आला होता. रविवारी काम उरकले तेव्हा डाग नेहमीपेक्षा ठळक होता, करवंटीएवढा आणि बराच पांढरा. आजोबा काळा चष्मा लावून उन्हाला बाहेर आले. वॉचमनने दुसरीकडे पाहिले. काही दिवस वाकायचे नाही असे डॉक्टरांनी आजोबांना सांगितले होते, म्हणून गृहस्थाने चाक उचलून प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवले आणि या खेपेला काही म्हणाला नाही, नुसता बाजूला उभा राहिला. आजोबांनी काळा चष्मा काढला, चाकाकडे पाहिले, पुन्हा पाहिले. मग चष्मा खिशात ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि कडेवरून सावकाश नख फिरवले.

"लागत नाही," ते म्हणाले.