लाल होडीची भोकं

वहिनी, ओ वहिनी! ताट घेऊनच या इकडे गडग्यापाशी. वाल दोघींनी सोलले तर पटकन होतील, आणि मला सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. पलीकडच्या अण्णांचं हो. डोंबिवलीहून निवृत्त होऊन आले ना, आगराकडे बघायला? आगराकडे गडी बघतोय. अण्णा खाडीत असतात.

होडी घेतलीय त्यांनी. लाकडी नव्हे, ती प्लॅस्टिकची, लालभडक, कयाक म्हणतात ती. दोघांना बसता येतं. कुठल्याशा हॉटेलवाल्याकडनं जुनी उचलली. टेम्पोतनं उतरवली तेव्हा मी जास्वंदी काढत होते, सगळं बघितलं. बसायच्या जागेला खाली आरपार भोकं! अण्णांचं तोंड एवढंसं झालं. ‘फसवलं मेल्यानं’ म्हणाले, आणि खळ्यात बसून एकेक भोक एम-सीलनं बुजवलं. वर पॉलिश पेपरही मारला. मग खालच्या वाडीतला तो पोरगा आला, मचव्यावर जातो तो. पोट धरधरून हसला. म्हणतो, ‘अण्णा, ही भोकं पाणी आत यायला नाहीत, बाहेर जायला आहेत. होडी आतनं पोकळ नि चारी बाजूंनी बंद, तुम्ही बसणार वरती. लाट अंगावर आली की पाणी तिथनं आपसूक गळून जातं.’ झालं! पुन्हा हातोडी नि स्क्रू ड्रायव्हर. बुजवताना अगदी शांत होते. उकरताना काय काय बोलले ते मी तुम्हाला सांगणार नाही, ऐकू मात्र सगळं आलं.

पण पोरगा हुशार हो. त्यानं अण्णांना पहिल्या दिवशी वल्हं हातात दिलंच नाही. आधी लाइफ जॅकेट. अण्णांनी ऐसपैस बघून घेतलेलं, शर्टावर शर्ट घालतात तसं. पट्टे आवळून उभं केलं त्यांना, आणि त्यांच्या बायकोला, माईंना सांगितलं, खांद्याला धरून वर खेचा. खेचलं तर जॅकेट कानांपर्यंत! म्हणजे पाण्यात पडले तर जॅकेट वर तरंगणार नि अण्णा खाली. बदलून आणायला लावलं.

नंतर कमरेइतक्या पाण्यात होडी उलटी करायला शिकवलं. हो, मुद्दाम! पडायचं तर आहेच, मग आपल्या मर्जीनं पडा, म्हणाला. होडी सोडायची नाही, ती बुडत नाही आणि लांबून दिसते. माणसाचं नुसतं डोकं कोणाला दिसतंय? ती सुलटी करायची, बाजूनं पाय मारत पोटावर आडवं चढायचं, मग कूस बदलून बसायचं. अण्णा चढले की पलीकडच्या बाजूनं उतरायचे. सगळी वाडी धक्क्यावर जमलेली. मी आपली दळण घेऊन चालले होते म्हणून जरा थांबले. जराच.

माई वैतागल्या होत्या. त्यावर अण्णांनी काय ऐकवलं माहितीये? दत्तू भोकनळ. तो हो, चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. गावात प्यायला पाण्याची मारामार, मुलाला पाण्याची भीती, लष्करात गेल्यावर पुण्याला वल्हं पहिल्यांदा हातात धरलं, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. 2018 ला पालेंबांगला आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण. खरंच आहे ते सगळं. पण माई म्हणाल्या, ‘तो विशीतला होता. तुम्हाला काल मोरीतनं उठताना हात द्यावा लागला.’

आता मुख्य ऐका. गेल्या अमावास्येला पोरगा मासळी घेऊन हर्णैला गेलेला, तर हे एकटेच निघाले. कोणाला सांगणं नाही, कधी परतणार ते नाही. दुपारी एकला! अमावास्येचं उधाण, पाणी नुकतंच उतरायला लागलेलं. वल्हं मारावंही लागेना, होडी आपली सुसाट. अण्णांना वाटलं, जमलं आपल्याला. जमलंय कसलं, ओहोटी नेत होती! खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे ना, तिथे लाटा फुटायला लागल्या तेव्हा कळलं. वळवून मारतात वल्हं तर होडी जागच्या जागी. बरं, हे मारणार नुसत्या दंडांनी. कंबरेतनं वळून मारायचं असतं, नाहीतर घटकाभरात खांदे जातात. शेवटी एका मचव्यानं दोर टाकून ओढत आणलं. तेव्हापासनं पाठ धरलीय ती धरलीय.

बँकेत जन्म घालवला, पण तिथी तीन-चतुर्थांश माहीत नाही माणसाला! आमच्या सासूबाईंना शाळा नव्हती, पण तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीची वेळ, हे तोंडपाठ. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. थोडं इकडे-तिकडे होतं, पण चूल पेटवायच्या आधी त्यांना कळायचं कालवं काढायला कधी जायचं ते. आणि वारा? सकाळी मतलई असतो, हलका. ऊन चढलं की खारा सुटतो समुद्राकडनं. आत गेलेली होडी परत आणायची तर तो तोंडावर. म्हणून नवख्यानं सकाळी निघायचं, खारा सुटायच्या आत धक्क्याला.

काय? मला होडीचं एवढं कसं ठाऊक?

अहो, हळू. अण्णांची पाठ धरल्यावर होडी नुसती पडून होती. माई म्हणाल्या, एवढे पैसे घातलेत, तर मीच बसते. आणि मागची जागा रिकामी जाते म्हणून मी. ह्यांना म्हटलंय, देवळात जाते. खोटं नाही हो, येताना जाते की. माईंचा हात अण्णांपेक्षा बरा आहे. वल्हं डोक्यावर आडवं धरून कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर, एवढं एकदा सांगितलं पोरानं, त्यांनी धरलं. मला आधी दोन्ही वल्ही एकमेकींवर आपटायची. मागच्यानं पुढच्याचं बघून मारायचं, तसं केल्यावर थांबलं.

उद्या माई चिपळूणला चालल्यात, भाचीकडे. म्हणून तुम्हाला हाक मारली. उद्या दशमी, म्हणजे साडेसातला भरती. भांगाचं पाणी, ओढ बेताची. साडेसहाला निघायचं, चढत्या पाण्यावर वर पुलाच्या बाजूला, मुखाकडे अजिबात नाही. पाणी फिरलं की त्याच्यावरच परत, साडेआठला घरी. पोरगा त्याच्या होडीतनं बरोबर असतो. पोहता येतं ना तुम्हाला? विहिरीतलं चालेल, जॅकेट तर घालायचंच आहे, माईंचं तुम्हाला बसेल. साडी नको, लेकीचा तो ट्रॅकसूट आहे ना, तो घाला. मोबाइल घरी. भावजींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, परवा कार्तिकी एकादशी आहे, काकडआरतीला जाते म्हणा.

आणि हे वाल राहू देत, मी सोलून पाठवते. आधी तुमचे खांदे बघू, खेचून.