ओन्दोकु-बाबा

टोकियोच्या निशी-कासाईत राहणारा मराठी बाप ओळखायचा असेल, तर त्याच्या न्हाणीघरात डोकवावं. टबाच्या वर, भिंतीला पाण्यानं चिकटवलेला हिरागानाचा तक्ता असतो. पोरानं ४६ अक्षरं पाठ करून तक्त्याकडे कधीच पाठ फिरवलेली असते. तक्ता मात्र पुढंही तिथंच, कारण बाबाचं 'नु' आणि 'मे' अजून वेगळं झालेलं नसतं.

सुरुवातीला हा गृहस्थ फार तोऱ्यात असतो. "अरे, ही तर आपलीच वर्णमाला!" अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. यात तो चुकत नाही. बौद्ध भिक्षूंनी चीनमार्गे सिद्धम् लिपी जपानात नेली, तिच्या अभ्यासातूनच हा क्रम आला. 'च'च्या जागी 'स' का, 'प'च्या जागी 'ह' का, हेही तो समजावून देतो. (ऐकणारा मुलगा तोवर जेवून उठलेला असतो.)

पहिलीच्या ८० कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, सुरू झाल्या की तोरा उतरतो. सहावीपर्यंत त्या १०२६ होतात, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. 'मिगी' म्हणजे उजवा, 'हिदारी' म्हणजे डावा. दोघांचं छप्पर दिसायला एकच. पण मिगीत आधी तिरका फराटा, हिदारीत आधी आडवी रेघ. बाबा दोन्ही एकाच दमात ओढतो आणि वर म्हणतो, "शेवटी दिसतं तेच ना?" सांगलीत शुद्धलेखनाला दहापैकी दहा घेतलेल्या माणसानं असं म्हणावं! रेघ थांबवायची ते 'तोमे', आकडा मारायचा ते 'हाने', फराटा सोडायचा ते 'हाराइ'. बाबाचं तिन्ही ठिकाणी एकच, "हं, झालं."

खरी परीक्षा रोज रात्री. 'ओन्दोकु' म्हणजे धडा मोठ्यानं वाचायचा गृहपाठ. मुलानं वाचायचं, घरच्यांनी ऐकायचं आणि कार्डावर दुहेरी गोल, साधा गोल किंवा त्रिकोण काढून सही करायची. मध्येच 'कित्सुने' कानावर पडतं, म्हणून गोष्टीत कोल्हा आहे एवढं बाबाला समजतं. तो मेला की जगला ते नाही. तरी दुहेरी गोल ठरलेला.

परवा मी अशाच एका बाबाकडे जेवायला गेलो होतो. पाहुण्यासमोर बाबाला स्फुरण चढलं. "आज मी वाचतो." पहिलेच शब्द, "वाताशी हा..."

"बाबा, तिथं 'ह' लिहितात, पण 'वा' म्हणतात."

"मग सरळ 'वा'च लिहायचं ना!"

"तू 'ज्ञ' लिहितोस आणि 'द्न्य' म्हणतोस."

आतून पोळी लाटायचा आवाज थांबला. बाबानं मान खाली घालून, अक्षरावर बोट ठेवत कसाबसा धडा संपवला. चिरंजीवांनी कार्ड पुढं ओढलं, बराच विचार केला आणि त्रिकोण काढला.

सही आईची घेतली.