उताण्यांचे आभारपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय सायकल संघटना (यूसीआय),
एग्ल, स्वित्झर्लंड

विषय : १९३४ सालच्या बंदीबद्दल आभार मानण्याबाबत

महोदय,

रिकम्बंट म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. तिची पेडल्स सीटखाली नसून बरीच पुढे असतात, त्यामुळे साखळी साध्या सायकलच्या अडीच-तीनपट लांब. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या स्वाराने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि ऑस्कर एग यांचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. रेललेल्या माणसाने असे काही करावे हे आपल्या संघटनेच्या शिस्तीत बसणारे नव्हते. सबब १ एप्रिल १९३४ रोजी शर्यतीच्या सायकलची नवी व्याख्या प्रसिद्ध झाली. पेडलचा आस जमिनीपासून किती उंच, सीटच्या किती पुढे आणि पुढच्या चाकापासून किती लांब असावा, हे तीत ठरले आणि रिकम्बंट व्याख्येबाहेर गेली. तारखेबद्दल काहीही सुचवायचे नाही.

या निर्णयाची फळे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेलवर पाहायला मिळतात. १८५९ पासून गाड्या धावलेला हा लोहमार्ग १९६८ मध्ये बंद पडला. त्याच जागेवर उपनगरांच्या परसदारातून जाणारा सुमारे ७२ किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग झाला आणि १९८८ मध्ये पर्सेलव्हिलपर्यंत पोचला. रिकम्बंटवाल्यांना लोहमार्गाचे विशेष प्रेम, कारण आगगाडीलाही चढ सोसत नसे. पेडलवर उभे राहून अंगाचा भार टाकण्याची सोय रिकम्बंटवर नाही. चढ आला की हलका गिअर टाकायचा आणि ओलांडून जाणाऱ्या ताठ सायकलवाल्यांचे 'डावीकडून!' निमूट ऐकून घ्यायचे.

रिकम्बंटवाल्यांची दिवसभराची सहल याच मार्गावरच्या व्हिएन्ना गावाच्या जुन्या स्टेशनापासून लीसबर्गपर्यंत आणि परत, म्हणजे साधारण सत्तर किलोमीटरची. सकाळचा पहिला अर्धा तास सायकली गाडीतून उतरवण्यात आणि कोणाच्या मणक्यातली चौथी चकती सरकली, कोणाची पाचवी, याच्या चौकशीत जातो. जमलेल्यांत निवृत्त मंडळी जास्त. निघताना सीटमागे लांब काठीवर नारिंगी झेंडे लागतात, कारण स्वाराचे डोके फार तर मोटारीच्या खिडकीपर्यंत पोचते. दुरून पाहावे तर माणसे दिसत नाहीत, नुसत्या पताका पुढे सरकतात. आडवी झालेली दिंडीच.

अर्ध्याअधिक सायकली तीनचाकी, दोन चाके पुढे आणि एक मागे अशा. रस्ता ओलांडण्याच्या प्रत्येक ठिकाणी त्यांचे वैभव कळते : ताठ सायकलवाला एक पाय खाली टेकून तिष्ठत असतो आणि तीनचाकीवाला आरामखुर्चीत नळीने पाणी पीत बसतो. दुचाकी रिकम्बंटवाले मात्र सिग्नल सुटताच दोन-तीन वेडीवाकडी वळणे घेऊन मगच सरळ होतात. तीनचाकीवर बूट पेडलला अडकवलेले बरे. पाय निसटून जमिनीला लागला तर धावत्या सायकलचा आडवा दांडा पोटरीवर येतो. दुसरा धोका कुत्र्यांचा. साखळीला बांधलेला लॅब्रॅडोर आणि तीनचाकीस्वार यांची तोंडे एका उंचीवर येतात, आणि कुत्र्याला ते स्नेहाचे निमंत्रण वाटते.

हर्नडन-अ‍ॅशबर्न पट्ट्यात मराठी घरे बरीच. स्पोर्ट्‌स शूज घालून फिरायला निघालेल्या, पुण्याहून मुलाकडे आलेल्या आजोबांचा प्रश्न ठरलेला : 'झोप लागत नाही का हो?'

अ‍ॅशबर्नच्या पुढे गूस क्रीकवरचा पूल येतो आणि त्यानंतर लीसबर्गकडे चढण. इथे घोळका लांबत लांबत किलोमीटरभर पसरतो. लीसबर्गला जेवून परतताना हीच चढण उतार होते आणि हिशेब चुकता होतो : रेललेले अंग वारा कमी अडवते, त्यामुळे सकाळी 'डावीकडून!' ओरडून गेलेले आता मागे पडतात. कोणी तसे बोलून दाखवत नाही, पण आरशात सगळेच पाहतात.

संध्याकाळी व्हिएन्नाला पोचल्यावर मनगट चोळणारा किंवा मान मोडणारा कोणी दिसत नाही. प्रत्येक शर्टाच्या पाठीवर सीटच्या जाळीची ओली नक्षी तेवढी उमटलेली असते.

हे सारे आपल्या बंदीमुळे शक्य झाले. आपल्या मान्यतेच्या शर्यती नाहीत म्हणून मोठे कारखाने या वाटेला फारसे फिरकले नाहीत, म्हणून एका तीनचाकीला कित्येक हजार डॉलर पडतात, म्हणून ती घेणारा आधी नीट म्हातारा होतो. तशा शर्यती असत्या तर प्रशिक्षक आले असते, घड्याळे आली असती आणि लीसबर्गच्या दीड तासाच्या जेवणाचे एक केळे झाले असते. तरी सदर बंदी आहे तशीच चालू ठेवावी, ही विनंती.

कळावे.

प्रत माहितीसाठी : 'डावीकडून!' ओरडणारे सर्व संबंधित