अंदमान करून आलेले गृहस्थ

मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासक्रमात अष्टविनायक, केरळ आणि सिमला-मनाली उरकल्यानंतर अंदमानचा क्रमांक लागतो, आणि त्यामागे दोन कारणे संभवतात. पहिले असे की तेथील सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात बंदिवासात होते, त्यामुळे सहलीला यात्रेचे पुण्य लाभते. दुसरे, जे सहसा बोलून दाखवले जात नाही, असे की पासपोर्ट न काढता परदेशी दिसणाऱ्या समुद्रासमोर फोटो काढून घेता येतो. या दोन्ही कारणांचा संगम ज्याच्या ठायी पूर्णत्वाने आढळतो तो म्हणजे निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षांत सहल कंपनीची टोपी घालून पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर उतरणारा (२०२४ पासून शहराचे अधिकृत नाव श्रीविजयपुरम), गळ्यात जावयाने दिलेली दुर्बीण अडकवलेला आणि खिशात कार्यक्रमपत्रिकेची घडी जपणारा गृहस्थ होय.

कार्यक्रमपत्रिका हे त्याचे मुख्य लक्षण. आयुष्यभर कचेरीत आवक-जावक नोंदवही सांभाळलेल्या या माणसाची अशी ठाम समजूत असते की छापील कागदावर ‘सकाळी साडेदहा : वन्यजीवदर्शन’ असे लिहिलेले असेल, तर साडेदहाला हजर राहणे हा वन्यजीवांच्या सेवाशर्तींचाच भाग आहे. सेल्युलर जेलमध्ये त्याचे डोळे खरोखर पाणावतात, आणि त्याविषयी विनोद करण्याचे काही कारण नाही, परंतु संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम संपवून बाहेर पडताना तो चष्मा पुसत टूर मॅनेजरला विचारतो, “मग उद्यापासून निसर्ग ना?”

निसर्गाची पहिली नोंद रॉस बेटावर होते. या बेटाला २०१८ साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव मिळाले, तरी तो त्याला रॉसच म्हणतो. तेथे ब्रिटिश वसाहतीचे पडके बंगले पिंपळ-वडांच्या मुळांनी आवळून धरलेले आहेत आणि त्यांच्यामधून ठिपकेदार चितळ निर्धास्तपणे हिंडतात. चितळ जवळ येताच गृहस्थ पत्नीला हाक मारतो, दुर्बिणीतून पाहतो आणि दोन हातांवरचा प्राणी दुर्बिणीत मावत नाही म्हणून जावयाला नावे ठेवतो. वास्तविक चितळ हा मूळचा अंदमानचा प्राणीच नव्हे. ब्रिटिशांनी तो मुख्य भूमीवरून आणून सोडला, आणि त्याला खाणारा मोठा शिकारी प्राणी या बेटांवर नसल्यामुळे तो वाढत गेला, पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर पोचला, आणि आज जंगलातली कोवळी रोपे फस्त करणारा उपद्रवी पाहुणा म्हणून अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. म्हणजे गृहस्थाच्या वहीत ‘अंदमानचे वन्यजीव’ या मथळ्याखाली पहिला मान मिळवणारा हा प्राणी त्याच्यासारखाच मुख्य भूमीवरून आलेला असतो, आणि बिस्किटांविषयी दोघांची मतेही जुळतात.

त्यानंतर स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि तेथील राधानगर किनारा. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली या किनाऱ्याला आशियात सर्वोत्तम ठरवले होते, ही माहिती तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा असताना ओळखीच्या-अनोळखीच्या सर्वांना पुरवतो. त्याची एकच तक्रार असते, ती सूर्याविषयी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, अंदमान मात्र ९२-९३ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे घड्याळ मुंबईचेच असले तरी डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चहा हाती येईपर्यंत अंधार पडलेला पाहून कंपनीने एक संध्याकाळ वाचवली, असा त्याला संशय येतो.

अनेक किनाऱ्यांवर मगरीपासून सावध राहण्याचे फलक लावलेले आहेत. या मगरी खाऱ्या पाण्यातल्या, म्हणजे आज हयात असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांतली सर्वांत मोठी जात, आणि त्या खाड्यांतून व खारफुटीतून (भरतीच्या खाऱ्या चिखलात मुळे उंचावून उभ्या राहणाऱ्या झाडांच्या जंगलातून) वावरतात. गृहस्थ फलकाशेजारी हसतमुखाने फोटो काढून घेतो, आणि मगर न दिसल्याबद्दल रात्रीच्या जेवणात नाराजी नोंदवतो. काचेच्या तळाच्या होडीतून त्याला प्रवाळ दाखवले जाते, प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी चुन्याची घरे बांधत रचलेली वसाहत, हे नावाडी समजावून सांगतो, आणि गृहस्थ मान डोलावून पत्नीला हळूच म्हणतो, “दगड आहेत गं.” याच खात्रीने तो वाळूतला एक तुकडा शोकेससाठी खिशात टाकतो. प्रवाळ, जिवंत असो वा मृत, बाहेर नेण्यास मनाई असल्यामुळे परतीच्या विमानतळावर तो तुकडा काढून घेतला जातो, आणि एका दगडासाठी केवढा हा कायदा, या विषयावर विमान सुटेपर्यंत व्याख्यान चालते.

बाराटांगच्या वाटेवर मात्र त्याच्या स्वभावाची निराळी बाजू दिसते. चुनखडीच्या गुहांकडे नेणारा हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहने ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडली जातात, आणि वाटेत थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे यांना बंदी आहे. गृहस्थ कायदा पाळणारा आहे, त्यामुळे तो मोबाइल खिशात ठेवतो, पण खिडकीजवळची जागा पटकावून ड्रायव्हरला विचारतो, “दिसतील ना?” हा प्रश्न त्याने आदल्या दिवशी मगरीविषयी नेमक्या याच सुरात विचारलेला असतो. त्याच्या भोळेपणाचे कौतुक करणाऱ्याने येथे हात आखडता घ्यावा.

या सर्व काळात त्याची पत्नी काय करते, याची नोंद प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. ओहोटीच्या वेळी ती ओल्या वाळूवर चपला काढून उकिडवी बसते, कारण तेथे वाटाण्याएवढे खेकडे कामाला लागलेले असतात. खेकडा बिळाच्या तोंडाशी येतो, नांगीने वाळू तोंडाकडे नेतो, कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे ढकलतो. मग एक पाऊल पुढे, पुन्हा गोळी. पाऊण तासात बिळाभोवती किरणांसारखी रांगोळी उमटते. कोणाची सावली पडली की सगळे क्षणात बिळात गडप होतात, म्हणून ती हलत नाही. याच कुळातले खेकडे कोकणच्या किनाऱ्यांवरही असतात, परंतु तेथे गृहस्थ सुरमईच्या थाळीसाठी गेलेला असतो. अंदमानातही तो लांबून ओरडतो, “अगं, चल! इथे काही नाहीये बघायला, बोट सुटेल.”

परतल्यावर सोसायटीच्या सभागृहात अंदमानवर त्याचे भाषण होते, आणि पुढे त्या दिशेने निघणारा प्रत्येक शेजारी सल्ल्यासाठी त्याच्याकडेच येतो. हॉटेल, बोट आणि शाकाहारी जेवण यांविषयी त्याची माहिती चोख असते, ती जरूर घ्यावी. ओहोटीची वेळ मात्र आत जाऊन त्याच्या पत्नीला विचारावी.