पट्टेवाले साहेब

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये अगरा तळ्याच्या काठाने पायवाट आहे. पहाटे पावणेसहाला तिथे चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि त्या वर्दळीच्या कडेला एक मराठी गृहस्थ स्वस्थ उभा असतो. पायात महागाचे बूट, कपाळाला घाम टिपणारी पट्टी, डावं मनगट नाकासमोर. उपग्रहांशी जुळणी झाल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. तेवढ्यात रबरी चपला घातलेल्या एक आजी अर्धी फेरी मारून पुढे जातात. आजींकडे घड्याळ नाही, त्यामुळे त्यांची फेरी त्यांच्यापुरती. ह्याची फेरी दप्तरी लागायची असते.

इमारतीतल्या चार मराठी घरांत त्याला ‘पट्टेवाले साहेब’ म्हणतात. पूर्वी साहेबाच्या दाराशी पट्टेवाला उभा असे. इथे मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा ‘उठा’ म्हणाला की साहेब उठतात. वय चाळिशीपलीकडचं, वजन ७५ किलो (सकाळी, उपाशीपोटी, चष्मा काढून). मूळचे सोलापूरचे, शिकले पुण्यात, ‘दोन वर्षं बघू’ म्हणून बंगळुरूला आले आणि गृहकर्जात स्थिरावले. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळतो आणि ती सवय संध्याकाळी लॅपटॉपबरोबर मिटत नाही.

मोजूनमापून जगणाऱ्यांची ही जात बंगळुरूत फोफावली यात नवल नाही. घासाघासाचा हिशेब ठेवायला शिकवणारं ‘हेल्दीफायमी’ इथलंच, २०१२ सालचं. ‘कल्ट’च्या व्यायामशाळा इथूनच देशभर गेल्या. पट्टा नको असेल तर बोटात घालायची ‘अल्ट्राह्यूमन’ची अंगठीही इथलीच. २००८ पासून इथे १० किलोमीटरची मोठी शर्यत भरते. रविवारी कब्बन पार्कातले रस्ते मोटारींना बंद होतात आणि मनगटाकडे बघत धावणाऱ्यांना मोकळे होतात. अशा गावात ‘जरा पाय मोकळे करून आलो’ एवढ्यावर भागत नाही. किती मोकळे केले, ते सांगावं लागतं.

साहेबांची दिनचर्या पट्टा बांधण्यापासून सुरू होते. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, सरकणार नाही इतका घट्ट, हात बधिर होणार नाही इतका सैल. पट्ट्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो. रक्त हिरवा रंग शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परतणारा उजेड जरासा कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत घुसतो आणि हिशेब बिघडतो. केसांचाही अडथळा नको म्हणून साहेबांनी मनगटावरची रुपयाएवढी जागा वस्तऱ्याने साफ करून घेतली आहे. देव्हाऱ्यापुढे हात जोडले की ती जागा चमकते.

मध्यंतरी दोन्ही हातांवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पट्टे होते. एकाच चालण्याचा उजवा हात एक आकडा सांगे, डावा दुसरा. साहेबांनी तक्ता मांडला, आलेख काढला आणि शेवटी दोघांची सरासरी धरली.

“अहो,” बायको म्हणाली, “दोन चुकीच्या घड्याळांची सरासरी काढली म्हणजे वेळ बरोबर येते का?”

साहेबांनी तिसरा पट्टा मागवला.

तिच्या शंकेला शास्त्राचा आधार आहे. २०१७मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांना चालवून, पळवून, सायकल मारायला लावून सात प्रकारचे पट्टे तपासले. नाडीच्या परीक्षेत सातपैकी सहा पट्टे ५ टक्क्यांहून कमी चुकले. कॅलरीच्या परीक्षेत सातही नापास. सर्वांत हुशार पट्टा सरासरी २७ टक्क्यांनी चुकला, सर्वांत ढ पट्टा ९३ टक्क्यांनी. साहेबांना हे आकडे तोंडपाठ आहेत. आपला पट्टा कितवा, एवढं कळलं की उरलेलं दुरुस्त करून घेऊ, असा त्यांचा विश्वास आहे.

मुळात कॅलरी मनगटावर मोजलीच जात नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती आहारशास्त्रातली एक कॅलरी. माणसाने अशा किती जाळल्या हे खरोखर मोजायचं तर तोंडावर मुखवटा बांधून आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात, नाहीतर त्याला बंदिस्त खोलीत ठेवून तिथल्या हवेचा हिशेब ठेवतात. पट्ट्याजवळ यातलं काही नसतं. त्याच्याजवळ असतात नाडीचे ठोके, हाताचे हेलकावे आणि वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष एवढा भरून घेतलेला अर्ज. बांधावर उभं राहून आणेवारी लावणाऱ्या तलाठ्यासारखा तो एक आकडा लावून मोकळा होतो, आणि साहेब त्या आणेवारीत दशांश चिन्हापुढची घरं शोधत बसतात. सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेलं असताना वरिष्ठांचा फोन आला की नाडी उसळते. नाडीवर विसंबलेल्या पट्ट्याला वाटतं, मालक चढ चढतायत. उलट व्यायामशाळेत मुठी आवळून वजन उचलताना मनगट आखडतं, ठोके नीट पकडता येत नाहीत, आणि साहेब घामाघूम झालेले असताना पट्टा त्यांची गणना बसलेल्यांत करतो.

त्या अर्जावरून खर्च काढणाऱ्या सूत्रांचीही एक भानगड आहे. तिचा उलगडा साहेबांच्या घरापासून फार लांब नसलेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झाला. माणूस नुसता पडून असताना किती ऊर्जा खर्च करतो, हे तिथे डॉ. प्रकाश शेट्टी, डॉ. मारियो सोआरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजलं, आणि १९९३मध्ये भारतीय पुरुषांसाठी वेगळी सूत्रं प्रसिद्ध केली. जगभर वापरली जाणारी सूत्रं आपल्या माणसांचा खर्च फुगवून सांगतात, असं त्यांना आढळलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर स्वतःचाच दाखला दिला. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन यडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पट्ट्याच्या अर्जात हे दोघे जुळे भाऊ ठरले असते. हा लेख वाचल्यापासून साहेब आंघोळीनंतर आरशासमोर श्वास आत ओढून यडकिन होतात, आणि श्वास सुटला की पुण्याला परततात.

त्यांना खरा धक्का बसला तो बेरजेचा. तासभर झपाझप चालल्यावर पट्टा ३०० कॅलरी दाखवी. साहेब त्या जेवणाच्या ॲपमध्ये चढवत आणि तेवढं खायची मुभा घेत. एका रात्री लक्षात आलं, की ७५ किलोचा माणूस काही न करता खुर्चीत बसला तरी तासाला सुमारे ७५ कॅलरी जळतातच, आणि ॲपने त्या दिवसभराच्या हिशेबात आधीच धरलेल्या असतात. म्हणजे चालण्याची खरी कमाई २२५. साहेबांनी जुन्या नोंदी उघडल्या आणि प्रत्येक तासामागे ७५ वळते करून घेतले. त्यातून जी थकबाकी निघाली, तिच्यापायी मल्लेश्वरमच्या सीटीआरमधला रविवारचा बेण्णे डोसा महिनाभर बंद झाला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा साहेबांनी सोलापुरी कानडीत “बेण्णे स्वल्प कम्मी” (लोणी जरा कमी) असं सांगून पाहिलं. वाढप्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी दुसरा डोसाही मागवला.

साहेबांचा प्रामाणिकपणा मात्र शंभर नंबरी. रिक्षा खड्ड्यातून गेली की हात हिंदकळतात आणि पट्ट्यावर पावलं चढतात. साहेब घरी आल्यावर ‘रस्त्याची वजावट’ म्हणून ती वेगळ्या रकान्यात लिहून कमी करतात. दुकानात ढकलगाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले की हात हलत नाहीत, पावलं बुडतात. म्हणून ते एका हाताने गाडी ढकलतात आणि दुसरा हात संचलनातल्यासारखा मागेपुढे झुलवतात. कचेरीत पावलांची स्पर्धा लागली, तेव्हा एका सहकाऱ्याने पट्टा कुत्र्याच्या गळ्यात अडकवला आणि पहिला आला. बक्षीस होतं नवा पट्टा. साहेब बाविसावे आले, वजावटीसकट.

दहा हजार पावलांचं व्रतही चालू आहे. हा आकडा १९६५मध्ये जपानच्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या ‘मानपो-केइ’ या पाऊलमापकापासून रूढ झाला. मानपो-केइ म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, म्हणून लक्षात राहिला. २०१९मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीत फायदा साडेसात हजारांच्या आसपासच स्थिरावतो असं दिसलं. साहेबांनी तो निबंध मुळातून वाचला. “त्यांचं सरासरी वय ७२ होतं, माझी केस वेगळी,” असा निकाल दिला, आणि रात्री पावणेबाराला सोफ्याभोवती प्रदक्षिणा सुरू केल्या. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सकाळी सुरक्षारक्षकाकडे चौकशी केली. तो आता साहेब दिसले की आपुलकीने विचारतो, “एष्टु आयतु, सार?” (किती झाली?) साहेब हजारांत सांगतात.

हा करडा हिशेबनीस जमेच्या बाजूला असतो. ताटावर बसला की तोच माणूस उदार होतो. आमटी ‘एक वाटी’: वाटी कुणाची, मुंजीतली की बारशातली, हे ॲप विचारत नाही. भात ‘मध्यम’. शेंगदाण्याची चटणी ‘चवीपुरती’. जमेच्या बाजूला तीन आकडे खणून काढणारे साहेब तुपाच्या धारेच्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघत असतात. आई सोलापूरहून आली की ही धार लांबते.

आईलाही त्यांनी एक पट्टा बांधून दिला, तीन होतेच. तिने सकाळी ओट्याशी उभं राहून ज्वारीच्या बारा भाकऱ्या थापल्या. पट्ट्यावर सहाशे पावलं चढली. पाय तर जागचे हलले नव्हते. साहेबांनी प्रवेगमापक, हाताची लय, यंत्राची फसगत असं सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, “आई, ही पावलं खोटी आहेत.”

“आणि भाकऱ्या?” आईने विचारलं. “त्याही खोट्या आहेत का रे?”

साहेबांनी चार खाल्ल्या. नोंद झाली तीनची.

गणपतीत सगळं कुटुंब गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला गेलं. झांजा वाजू लागल्या, टाळ्यांनी लय धरली, साहेब तल्लीन झाले, आणि मनगट थरथरलं. पट्टा विचारत होता: व्यायाम सुरू झालेला दिसतो, नोंदवायचा का? खोटी नोंद साहेबांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी टाळ्या थांबवून चष्मा कपाळावर चढवला आणि ‘नाही’चं बटण शोधू लागले.

“अरे, टाळ्या वाजव,” आई मागून कुजबुजली.

साहेब पुन्हा टाळ्या वाजवू लागले. बटण सापडलं नव्हतं. कापूर आरती होईपर्यंत पट्ट्याने ‘इलिप्टिकल, १८ मिनिटं’ असं लिहून टाकलं आणि खाली अभिनंदनाचे फुगे सोडले. बायकोने वाकून आकडा वाचला. “एकशे चाळीस,” ती म्हणाली, “म्हणजे दोन मोदक.”

“एकच,” साहेब पुटपुटले. “बसून असतो तरी काही जळल्या असत्याच.”