भिंत गुण्यात नाही

गणिताच्या पुस्तकात राहणाऱ्या लोकांना कामधंदा तरी काय असतो, हे मला शाळेपासून कळलेलं नाही. एकजण आयताकृती बागेला तारेचं तीन पदरी कुंपण घालत असतो. दुसरा त्याच बागेत आतल्या कडेने दोन मीटर रुंदीचा रस्ता काढतो, उरलेल्या जागेत हिरवळ लावायला घेतो आणि चौरस मीटरचा दर स्वतःला तोंडपाठ असूनही एकूण खर्च मात्र आपल्याला विचारतो. तिसऱ्याच्या मालकीचं एक वर्तुळाकार तळं असतं. त्याची त्रिज्या सात मीटर. सात नसली तर चौदा, एकवीस, अगदीच गरीब असेल तर साडेतीन. परीक्षेला बसलेल्या पोरांचा २२/७ शी भागाकार सुटावा म्हणून इतकं जपून तळं खणणारा कंत्राटदार मला आजवर भेटलेला नाही. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे पाय झाला ३.१४१६, आणि वर हे उत्तर 'आसन्न', जवळपासचं आहे, असंही बजावून ठेवलं. पुस्तकातल्या तळ्याला मात्र बरोब्बर ४४ मीटर तार लागते. खरं तर पावणेदोन सेंटिमीटर उरायला हवी. ती कोण पळवतं, याची चौकशी कुणी करत नाही.

माझी भाची आठवीत आहे. वार्षिक परीक्षा जवळ आली की ताई तिला आमच्याकडे आणून सोडते आणि स्वतःही राहते. मी बँकेत असल्यामुळे मला गणित येतं, असा तिचा समज आहे. बँकेत गणित कॉम्प्युटर करतो, आम्ही शिक्का मारतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. धाकट्या भावाला घरात तेवढीच एक अब्रू असते.

उजळणी सुरळीत चालली होती. परिमिती झाली, त्रिकोणाचं क्षेत्रफळ झालं, समलंब चौकोनापाशी थोडी रडारड झाली, हिरोच्या सूत्राशी मी चहा प्यायला उठलो. परत आलो तर बाईसाहेब सुताराचा टेप घेऊन हॉलमध्ये रांगत होत्या.

"मामा, हॉल पंधरा बाय दहा फूट. पण हा आयत आहे कशावरून?"

"दिसतोय की!"

"दिसतोय असं उत्तरात नाही लिहिता येत. कारण द्यावं लागतं."

कारण द्यायचं तर कर्ण मोजायला हवेत. आयताचे कर्ण समान असतात, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं आहे. घरात ते सिद्ध करायला आधी टीपॉय, मग दिवाण आणि शेवटी दिवाणावर झोपलेले आमचे चिरंजीव हलवावे लागतात. एक कर्ण निघाला १८ फूट ३ इंच. दुसरा १७ फूट १० इंच. तिने दोनदा मोजला, मग मी मोजला, मग चिरंजीवांनी एक डोळा उघडून "टेपच सैल धरलाय" असा तज्ज्ञ अभिप्राय दिला. पाच इंचांचा फरक काही केल्या हटेना.

तेव्हा मला मागच्या दिवाळीतले रंगारी आठवले. कोपऱ्यात पट्टा ओढता ओढता ते म्हणाले होते, "साहेब, भिंत गुण्यात नाही." मला वाटलं, मजुरी वाढवून मागायची ही प्रस्तावना आहे. पाया आखताना मिस्त्री दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा धरतात, तिन्ही टोकं जुळवतात आणि काटकोन पाडतात. त्यासाठी त्यांना पायथागोरसचं नावही लागत नाही. आमच्या इमारतीची आखणी बहुतेक दोरी धरणारा जेवायला गेला असताना झाली असावी. भाचीच्या कंपासपेटीत दोन गुण्ये आहेत, करकरीत, बिनवापराचे. सगळ्याच पोरांच्या पेटीत ते तसेच असतात. झिजतं ते फक्त कर्कटक, आणि तेही बाकावर नावं कोरून.

या शोधामुळे आमच्या घरातलं एक जुनं कोडं सुटलं. दिवाण एका भिंतीला टेकवला की दुसऱ्या भिंतीशी निमुळती फट राहते आणि टीव्हीचा रिमोट नेमका त्यात जातो. दोष आजवर चिरंजीवांच्या वळणाला दिला जात होता. भाचीने फट मोजली: सहा फूट लांब, रुंद टोकाला दोन इंच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ, पाया गुणिले उंची भागिले दोन. अर्धा चौरस फूट. घर घेतलं तेव्हाच्या सहा हजारांच्या दराने तीन हजार रुपयांची जागा. "म्हणजे मामा, तू रिमोट ठेवायला तीन हजारांचं घर घेतलंयस."

आता आयत नाही म्हटल्यावर चौकोन तर आहेच. मग चार बाजूंवरून त्याचं क्षेत्रफळ काढू, असं मी म्हणालो. हा प्रश्न किती जुना आणि किती भांडखोर आहे, हे आठवीच्या पुस्तकात नसतं. आमच्या गावाकडे जमिनीचा व्यवहार ठरताना कुणीतरी बांधावरून पावलं टाकत चारी बाजू मोजतो, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतो आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करून "भरतंय" म्हणतो. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये हे सूत्र दिलं ते 'स्थूल' म्हणून, ढोबळ म्हणून. त्यातली गंमत अशी की आयत सोडला तर हे उत्तर नेहमी खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. विकणाऱ्याचं यावर इतकं प्रेम का, ते सांगायला नको. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आता चारही बाजू ३३ फूट ठेवा आणि प्लॉट दोन कोपऱ्यांना धरून ढकलत न्या. ढिल्या झालेल्या बाजेसारखा तो तिरका होत होत पायवाटेएवढा उरेल, दांड्या चारही तेवढ्याच. पण वरच्या सूत्राने तो मरेपर्यंत एक गुंठाच.

भास्कराचार्यांना या प्रकाराचा भयंकर राग होता. ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला आणि चाळीसगावजवळच्या पाटणला ज्याचा शिलालेख आहे, तेच हे भास्कराचार्य. ११५० च्या 'लीलावती'त ते बजावतात, की नुसत्या चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. लंब किंवा कर्ण यांतलं काहीतरी सांगायला हवं. ते न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटलंय, आणि जो उत्तर देतो तो त्याहून वरचढ. गणिताच्या पुस्तकात अशी शिवी पाहून भाचीचा विषयाबद्दलचा आदर एकदम वाढला. "म्हणजे आत्ता पिशाच तू," ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बढती झाली असती.

मग तिने सगळ्या खोल्या मोजून बेरीज केली: ६१२ चौरस फूट. मी कपाटातून करारनामा काढला. त्यात ९००. उरलेले २८८ कुठे गेले, असं तिने ज्या आवाजात विचारलं तो आवाज आमच्याकडे ऑडिटर काढतात. मी समजावलं, की तेव्हा जागा सुपर बिल्ट-अपवर विकायचे. त्यात भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली आणि गच्चीवरची टाकी यांत आपला वाटा असतो. आता २०१६ चा कायदा आणि महारेरा आल्यापासून कार्पेटची व्याख्याच लिहिलेली आहे: बाहेरची भिंत नाही, बाल्कनी नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. भाचीने आतल्या भिंती धरल्या. आकडा थोडा वाढला, पण तिचं समाधान झालं नाही. संध्याकाळी ती जिन्यात जाऊन आपला वाटा कुठल्या पायरीवर येतो ते बघून आली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारच्या काकांच्या कुंड्या आहेत. त्या आपल्या वाट्यात आहेत, असं तिचं मत पडलं आणि ते तिने काकांनाही कळवलं.

सांख्यिकीकडे वळलो तो याच धास्तीने. यात टेप लागत नाही आणि शेजारी येत नाहीत. माहिती घरातलीच घ्यायची ठरलं: रात्री कोण किती पोळ्या खातं. तिने वहीत ताळ्याच्या खुणा काढल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माझी आई एक. माझी बायको, ताई आणि भाची प्रत्येकी दोन. मी चार. चिरंजीवांची जुडी बांधून वर दोन रेघा, म्हणजे सात. बेरीज अठरा, माणसं सहा, मध्य तीन.

"तीन कोण खातं?" आईने विचारलं.

"कुणीच नाही, आजी. सरासरी तीन."

"कुणीच खात नाही तर तीन आल्या कुठून?"

मध्यक आणि बहुलक खरं तर नववीत येतात, पण क्लासवाले नेहमी शाळेच्या वर्षभर पुढे असतात, त्यामुळे भाचीला तेही येत होते. दोन्ही दोनच आले. तरी पुस्तकाचा मान म्हणून तिने तीनची रेघ मारली आणि रेघेखालच्यांची नावं काढली. सहापैकी चौघी. घरातल्या झाडून सगळ्या बायका कमी खाणाऱ्या, अर्थात कुपोषित.

याच रेघेवरून एकेकाळी मोठमोठ्या माणसांत जुंपली होती. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा अंदाज बांधला, तो दरडोई रोजच्या २,२५० उष्मांकांच्या निकषावर. साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम करून आलेले. त्यांचं म्हणणं, सरासरी गरज हीच सीमारेषा धरली तर धडधाकट माणसंही भुकेल्यांत जमा होतात; माणसामाणसांत फरक असतोच, पण एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. दांडेकरांना ते पटलं नाही, आणि दोघांनी वर्षानुवर्षं लेख लिहून एकमेकांना ते कळवलं. सुखात्म्यांची बाजू मला आमच्या चिरंजीवांवरून पटते. मित्रांबरोबर वडापाव झालेला असला की त्याच्या सातच्या तीन होतात आणि तो सरासरी माणूस दिसायला लागतो.

आईला मात्र वाद ऐकायचा नव्हता. "पंचाहत्तर वर्षं एक पोळी खाऊन मी दोन पोरं वाढवली," ती म्हणाली, "आणि ही मला कुपोषित म्हणते! आणि हा सात खाणारा कोण मग?"

"तो आहे म्हणून तर आपली सरासरी बरी दिसते, आजी."

चिरंजीवांनी याचा अर्थ शाबासकी असा घेतला आणि डब्यातली आठवी पोळी उचलली. भाची ओरडली, "ए, ठेव ती! मला परत भागाकार करावा लागेल, तीन पॉइंट एक सहा सहा येतंय, सुटतच नाहीये!"

"मध्यक काढ," ताई ताटावरून न उठता म्हणाली. "तो नाही हलत."